संशोधन आहे, ते वर्गात कोण नेणार?

वाडा तालुक्यात पहिलीत दाखल झालेली मुले मराठी वाचायला-लिहायला कशी शिकतात, याचा मागोवा संशोधकांच्या एका गटाने सलग तीन वर्षे घेतला. त्याच पद्धतीने कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नड शिकणाऱ्या मुलांचाही अभ्यास झाला. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा ‘लिरिल’ प्रकल्प. महाराष्ट्रातल्या कामात वाड्याच्या सोनाळे गावातली ‘क्वेस्ट’ ही नीलेश निमकर यांची संस्था सोबत होती. २०१७ साली आलेला या प्रकल्पाचा अहवाल पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. तिसरी संपत आली तरी बरीच मुले साधा उतारा वाचू शकत नव्हती. काना, मात्रा, वेलांटी लागली की ती अडत, जोडाक्षरांपाशी तर थांबतच. पुस्तक आणि वर्ग तोवर पुढे निघून गेलेले असत. पहिल्या वर्षी मागे पडलेले मूल पुढेही बहुधा मागेच राही. शिकवण्याचा बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात जाई. वाचलेल्या मजकुराचा अर्थ, त्यावरच्या गप्पा, स्वतःच्या मनातले चार शब्द लिहिणे या गोष्टींना वर्गात फारशी जागा नव्हती.

हा अहवाल इंग्रजीत आहे. ज्या मुलांबद्दल तो आहे ती मराठी वाचायला शिकत होती आणि ज्यांनी त्यावरून काही बदल करायचा ते शिक्षक दिवसभर मराठीत काम करतात. ‘क्वेस्ट’ने आपल्या परीने मराठीत साहित्य केले, प्रशिक्षणे घेतली. पण मूळ निष्कर्ष मराठीतून राज्यभरच्या शिक्षकांपर्यंत नेण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती.

वाडा आणि ठाणे शहराच्या कडेचे दिवा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते. आज दिव्यात दुसरीच्या वर्गावर उभ्या असलेल्या बाईंसमोर मुलांना वाचायला शिकवण्याचा तोच प्रश्न आहे, फक्त घरची भाषा वाड्यातल्या वारलीऐवजी आगरी, मालवणी, मराठवाडी किंवा भोजपुरी. दातिवली, साबे, आगासन, बेतवडे ही मूळची आगरी गावे. त्यांच्याभोवती गेल्या दोन-तीन दशकांत चाळी आणि इमारती अशा उठल्या की कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेतून आलेली कुटुंबे एकाच जिन्यावर राहू लागली. इथल्या शिक्षिकेला वाड्यातला अभ्यास नक्कीच उपयोगी पडेल. तो तिच्यापर्यंत पोचायचा कसा, हा या लेखाचा प्रश्न.

मराठीत हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याहून ‘शालापत्रक’ निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी त्याचे संपादन केले, आणि गावोगावच्या शिक्षकांपर्यंत ज्ञान पोचवणे हा त्याचा हेतू होता. विसाव्या शतकात ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचा अनुभव घेतला आणि तो ‘शिक्षणपत्रिके’तून मराठीत आणला. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर जे केले ते आजही धडा म्हणून पाहावे असे आहे. माँटेसरींची साधने महाग होती आणि वारली पाड्यावर ती परवडणारी नव्हती. मग पाने, बिया, शंखशिंपले आणि दगडगोटे यांतून तीच तत्त्वे उभी केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळा पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. इटलीत मांडलेला विचार तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरात पोचला, कारण तो समजून घेणारी, मातीप्रमाणे बदलणारी आणि लिहून इतरांना सांगणारी माणसे एकच होती.

पुढे ही कामे वेगवेगळी झाली. जे. पी. नाईकांनी १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली, ती नंतर पुण्याला गेली. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. देशातले शिक्षणविषयक संशोधन एका जागी गोळा करण्याचा मोठा यत्न बडोद्याच्या एम. बी. बुच यांनी केला. त्यांचा पहिला सर्वेक्षण-ग्रंथ १९७४ साली निघाला आणि पुढेही त्याचे खंड येत राहिले. संशोधकांना त्यांचा अतोनात उपयोग झाला. शाळेतल्या शिक्षकासाठी मात्र ते नव्हतेच. संशोधन विद्यापीठात, प्रशिक्षण सरकारकडे आणि शिकवणे वर्गात, अशी वाटणी तेव्हापासून पक्की झाली.

आज संशोधनाचा साठा कुठे कुठे आहे ते पाहू. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवले जातात. त्यांत शिक्षणशास्त्रातले मराठी प्रबंध भरपूर आहेत: गणितातल्या चुका, वाचनाची गती, आश्रमशाळा, पाठ्यपुस्तकांची भाषा असे कितीतरी विषय. पण यातले पुष्कळ प्रबंध पाने स्कॅन करून ठेवलेले किंवा युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. ‘अपूर्णांक’ असा शब्द टाकून शोधले तर आतल्या पानावरचा तो शब्द संगणकाला दिसतच नाही. समजा प्रबंध सापडला, तरी पहिली शंभर पाने संज्ञांच्या व्याख्या आणि पूर्वसंशोधनाचा आढावा. शिक्षकाच्या कामाचा भाग शेवटच्या प्रकरणात, ‘शिफारशी’ या मथळ्याखाली, चार-पाच सर्वसाधारण वाक्यांत. ‘शिक्षकांनी शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर करावा’ हे वाक्य वाचून सोमवारी वर्गात नेमके काय करायचे? मेहनतीने केलेल्या कामाची ही अवस्था पाहून वाईट वाटते.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा अनुभव वेगळा आहे. १९७४ साली सुरू झालेल्या या केंद्राने आरंभापासून जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या ठिकाणी आणि मुंबईच्या पालिका शाळांत काम केले. संस्थापक वि. गो. कुलकर्णी यांनी विचारलेला एक प्रश्न मला अजून ताजा वाटतो. मुलांना विज्ञान अवघड जाते, की विज्ञानाच्या पुस्तकातली मराठी? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुस्तकातली भाषा सोपी करून पाहिली, आणि मुलांची विज्ञानातली कामगिरी सुधारली. हे १९८१च्या सुमारास छापून आले. चार दशके उलटली. दिव्यातल्या मुलाला ‘बाष्पोच्छ्वास’ किंवा ‘अपस्करण’ शिकवताना शिक्षकाच्या हाती असायला हवा असा हा निष्कर्ष डी.एड.-बी.एड.च्या किती वर्गांत सांगितला जातो? तो मुंबईत, मराठी मुलांवर, पालिकेच्या शाळांत झाला होता. आपल्याच शहरातला पुरावा आपल्यालाच माहीत नसावा, ही गोष्ट मला सर्वात जास्त खटकते.

मुंबईच्या पालिका शाळांनी जगाला दिलेला याहून प्रसिद्ध पुरावा बालसखीचा. ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या तरुणींना महिना ५०० ते ७५० रुपये मानधनावर नेमले. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुले रोज दोन तास त्यांच्याकडे बसत आणि त्यांना येत असेल तिथून शिकत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यातल्या शाळांत चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि परिणाम मोजला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मदत न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ होती, आणि सर्वाधिक फायदा तळच्या मुलांना झाला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. हा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा या कामाचे नाव सगळीकडे झाले.

या संशोधनाची पुढची कहाणी आपल्या प्रश्नाला थेट भिडते. उपाय लागू पडतो हे कळले, आता तो सरकारी शाळांनी वापरायचा कसा? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली तीन गोष्टी करून पाहिल्या. काही गावांत लोकांना शाळेविषयीचे हक्क आणि समित्यांची माहिती दिली. काही गावांत लोकांनी स्वतः मुलांची वाचन चाचणी घेतली आणि गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. तिसऱ्या प्रकारच्या गावांत हे सगळे करून शिवाय स्वयंसेवकांना वाचनवर्ग कसा घ्यायचा ते शिकवले. पहिल्या दोन प्रकारांत मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. तिसऱ्यात, वाचनवर्गाला बसलेली मुले खरोखर वाचू लागली. गावासमोर मुलांकडून वाचून घेण्याच्या ‘चावडी वाचना’वर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या प्रशासनाने हा निकाल समोर ठेवावा. मूल वाचत नाही हे गावाला कळणे ही एक गोष्ट. कळल्यावर उद्या कोणी, किती वाजता, त्याला काय वाचायला द्यायचे, ही दुसरी.

बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना साहित्य दिले आणि प्रशिक्षणही दिले, तरी नेहमीच्या शालेय वर्षात काही हलले नाही. उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरात तशाच शिक्षकांनी त्याच पद्धतीने शिकवले तेव्हा मुलांची प्रगती झाली. म्हणजे शिक्षकांना पद्धत येत होती. वर्षभराच्या धबडग्यात, पाठ्यक्रम संपवण्याच्या घाईत, तिला जागा मिळत नव्हती. हरियाणात २०१२-१३ साली हे लक्षात ठेवून आखणी केली. रोजचा एक तास त्यासाठी राखीव, त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट, आणि शाळांना भेटी देणाऱ्या साधनव्यक्तींनी आधी स्वतः काही दिवस वर्गात उभे राहून ही पद्धत वापरलेली. हिंदी वाचनात मुले पुढे गेली, गणितात फारशी नाही. त्याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही तपासले होते. नोंदवह्या भरल्या गेल्या, पण मुलांच्या शिकण्यावर परिणाम आढळला नाही.

तो राखीव तास वर्गात कसा दिसतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. शिक्षिका एकेका मुलाला शेजारी बसवते आणि एक कागद पुढे करते. त्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. जमला तर गोष्ट, अडला तर शब्द, तिथेही अडला तर अक्षरे. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. चौथीतला एखादा मुलगा ‘कमळ’ झटकन वाचतो आणि ‘किल्ली’पाशी थांबून बाईंच्या तोंडाकडे बघतो. बाईंना तेवढ्यात कळते की त्याला अक्षरे येतात, ऱ्हस्व वेलांटी कच्ची आहे आणि जोडाक्षर अजून आलेलेच नाही. सहामाहीच्या पेपरात त्याला भाषेत ४० पैकी १४ मिळाले, या आकड्यातून हे कधीच कळले नसते. मग तिसरी, चौथी, पाचवीची मुले गटांत बसतात. अक्षरगट चटईवर बाराखडीच्या तक्त्याशी, शब्दगट शब्दपट्ट्यांशी, गोष्टवाला गट पुस्तके घेऊन खिडकीजवळ. पंधरवड्याने पुन्हा तोच कागद आणि गटांची अदलाबदल. यात महाग काही नाही. हवा असतो तो मोकळा तास, आणि पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला की शेजारी उभे राहणारे कोणी.

इंग्लंडमध्ये शाळांसाठी पुरावा सोपा करून मांडण्याचे काम ‘एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन’ ही संस्था २०११ पासून करते. कुठल्या उपायाने मुले साधारण किती महिने पुढे जातात, खर्च किती आणि पुरावा किती भक्कम, हे ती एका तक्त्यात मांडते. भक्कमपणा दाखवायला कुलपांची चित्रे आहेत. जितकी कुलपे तितका भरवसा. ही मांडणी उत्तम आहे आणि मराठीत अशी काही असावी असे कोणालाही वाटेल. पण याच संस्थेने आणखी एक धाडस केले. आपण पाठवलेले वाचून शाळा बदलतात का, तेच तपासले. हजारो प्राथमिक शाळांना साक्षरतेविषयीचे संशोधन सोप्या भाषेत, वेगवेगळ्या रूपांत पाठवले. २०१७ साली निकाल आला. नुसते साहित्य मिळालेल्या शाळांतल्या मुलांच्या कामगिरीत काहीही फरक पडलेला नव्हता. इतक्या संपन्न व्यवस्थेत, तिथल्याच भाषेत, सुबक छापलेला कागद जे करू शकला नाही, ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे ढकललेली पीडीएफ करील अशी आशा आपण धरू नये.

महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र कागदावाचून पसरली. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून, अनेकदा पदरमोड करून गेले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला तेव्हा या लाटेला सरकारचेही बळ मिळाले. कुमठ्याने दाखवून दिले की शिक्षकाला सर्वात पटतो तो पुरावा म्हणजे आपल्यासारख्याच शाळेत, आपल्यासारख्याच पोरांसमोर, आपल्याच पगारावर काम करणारा दुसरा शिक्षक. मुलांना खाली बसून, हाताळून, आपसांत बोलून शिकताना प्रत्यक्ष पाहिले की मन वळते.

त्याचबरोबर काय निसटू शकते तेही तिथेच कळले. पाहुण्यांनी फोटो काढले. परतल्यावर कितीतरी शाळांच्या फरशीवर अंकजाळी, बाराखडी आणि सापशिडी रंगली. रंग सहज नेता आला; मुलाच्या उत्तरामागचा विचार शोधण्याची, लगेच ‘चूक’ न म्हणण्याची, त्याला पुढचा प्रश्न नेमका विचारण्याची जी सवय होती, ती एका दिवसाच्या भेटीत नेणे अवघड होते. मुले किती शिकली याची तुलनात्मक, बाहेरच्या कोणी केलेली मोजणीही सोबत असती, तर नेमके काय न्यायचे ते पाहणाऱ्याला कळले असते. भेट आणि मोजणी या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. आपल्याकडे मोजणीवाले आणि भेटीवाले दोन वेगळ्या गावांत राहतात.

शिक्षक स्वतःही संशोधन करतात, हे आढाव्यात धरलेच पाहिजे. बी.एड.ला कृती संशोधन असते, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा असते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना जोडलेले क्यूआर कोड पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शाळेतली कल्पना राज्यभर जाऊ शकते याचा हा लखलखीत दाखला. पण कोड राज्यभर गेला तो छापखान्यातून. शिकवण्याची रीत तशी छापून पाठवता येत नाही. बाकीचे असंख्य नवोपक्रम अहवालाच्या ठरावीक साच्यात बसतात: शीर्षक, गरज, उद्दिष्टे, कार्यवाही, यशस्विता. यशस्विता नेहमी शंभर टक्के. फसलेला नवोपक्रम कोणी सादर करत नाही, कारण फसलेल्याला बक्षीस नाही. आणि शेजारच्या शाळेला सर्वात उपयोगी माहिती तीच असते: कुठे अडले, कोणत्या मुलांना लागू पडले नाही, तिसऱ्या आठवड्यात का बंद पडले.

आता पुन्हा दिव्याकडे येतो, कारण शहराच्या कडेची ही वस्ती पुराव्याच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य आहे. मुलांच्या वाचन-गणिताची ‘असर’ ही पाहणी २००५ पासून होते, पण ती ग्रामीण भागाची. दिवा ठाणे महापालिकेत, म्हणून त्यातून बाहेर. केंद्र सरकारचे संपादणूक सर्वेक्षण जिल्ह्याचा आकडा देते. ठाणे जिल्ह्याच्या त्या एका आकड्यात शहापूर-मुरबाडचे पाडे आहेत, घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींतली मुले आहेत आणि दिवाही आहे. अशा सरासरीवरून दिव्यातल्या शाळेने काय ठरवावे?

त्यात इथे अनधिकृत शाळांचा प्रश्न मोठा आहे. महापालिकेच्या याद्यांत दिव्यातल्या अशा शाळांची नावे वारंवार आणि मोठ्या संख्येने येतात, गुन्हेही दाखल होतात. कायद्याची बाजू महत्त्वाची आहेच. पण त्या वर्गांत बसलेली मुले खरी आहेत. शाळेला मान्यता नाही, म्हणून शासकीय प्रशिक्षण नाही, शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद नाही, साधनव्यक्तीची भेट नाही. तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या, बहुधा वस्तीतल्याच असलेल्या तरुण शिक्षिका तिथे आहेत. बालसखी नेमक्या अशाच होत्या. ज्यांच्या हाती ही पद्धत सर्वात चांगली चालली, त्याच प्रकारच्या मुलींना आपण पुराव्याच्या वाटेबाहेर ठेवले आहे.

आणखी एक अडचण भाड्याच्या खोल्यांची. अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंब दिव्यातून मुंब्र्याला, डोंबिवलीला किंवा थेट टिटवाळ्याला जाते. मुलाबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जातो. त्यावर जन्मतारीख असते, जात असते, ‘प्रगती’ या रकान्यात ‘चांगली’ असते. हे मूल शब्द वाचते पण परिच्छेद वाचत नाही, हातच्याची बेरीज येते पण वजाबाकी येत नाही, ही एका ओळीची माहिती नव्या शाळेला मिळत नाही. नव्या बाईंना ती शोधायला दोन महिने जातात. संशोधनाच्या देवाणघेवाणीबद्दल बोलताना आपण मोठमोठ्या प्रबंधांचा विचार करतो. शाळेला सर्वात आधी लागणारा पुरावा हा इतका लहान आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी ठरवले तर दाखल्यासोबत अशी एक चिठ्ठी द्यायला पुढच्या जूनपासून सुरुवात होऊ शकते.

या सगळ्यावरून माझे मत स्पष्ट झाले आहे. महाराष्ट्राला नव्या पोर्टलची फारशी गरज नाही. ‘दीक्षा’ २०१७ पासून आहे आणि त्यावर साहित्य ओसंडून वाहते. गरज आहे ती संशोधन वाचून त्याचे शिक्षकाच्या मराठीत एक पान करणाऱ्या माणसांची, आणि ते पान घेऊन वर्गात येणाऱ्या माणसांची. त्या पानावर प्रश्न काय होता, काय केले, कुठल्या शाळांत, कोणत्या इयत्तेच्या आणि कोणत्या घरच्या मुलांबरोबर, किती दिवस, काय बदलले आणि काय बदलले नाही, हे असावे. खात्री किती हे न लपवता लिहावे. एका शाळेतला अनुभव आणि शंभर शाळांतला तुलनात्मक अभ्यास यांना एकाच तराजूत तोलू नये. आणि शेवटी, हे उद्या करायचे तर किती वेळ आणि कोणते साहित्य लागेल ते. ‘पालकनीती’, ‘शैक्षणिक संदर्भ’ यांसारखी नियतकालिके अशा लेखनाची परंपरा मोठ्या कष्टाने टिकवून आहेत. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास गावातल्या मुलांच्या वाचनाशी जोडून दाखवला. लिहिणारी, जाणणारी माणसे मराठीत आहेत.

पान घेऊन जाणाऱ्यांची व्यवस्थाही कागदावर तयार आहे. प्रत्येक केंद्राचा केंद्रप्रमुख आहे, महिन्याची शिक्षण परिषद आहे, शहर साधन केंद्रे आहेत, ठाणे जिल्ह्यासाठी रहाटोलीची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. जपानमध्ये शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे पाठ एकत्र आखतात, पाहतात आणि त्यावर बोलतात. त्यासाठी तिथे वेगळी संस्था लागली नाही. आपल्या शिक्षण परिषदेची रचना मुळात याच कामासाठी आहे. व्यवहारात तिथे परिपत्रके वाचली जातात, ऑनलाइन भरायच्या माहितीची आठवण दिली जाते, कोणाची माहिती राहिली त्याची नावे घेतली जातात. केंद्रप्रमुखांची कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि भरलेल्या पदावरच्या माणसाचा दिवस अहवाल गोळा करण्यात जातो. हरियाणात साधनव्यक्तीने आधी स्वतः वर्ग घेतला होता, हा तपशील इथे निर्णायक आहे. ज्याने ती पद्धत स्वतः मुलांसमोर वापरलेली नाही, त्याच्या मार्गदर्शनावर शिक्षक विश्वास कसा ठेवणार?

‘निपुण भारत’ अभियानाच्या निमित्ताने पायाभूत वाचन आणि गणिताकडे २०२१ पासून पुन्हा लक्ष वळले आहे. पातळी तपासणे, गट करणे ही भाषा आता शासकीय कागदांतही आली. ही चांगली संधी आहे. ती पुन्हा रकाने भरण्यात संपू नये यासाठी दोन विनंत्या.

केंद्रप्रमुख आणि साधनव्यक्तींना: पुढच्या शिक्षण परिषदेतला पहिला तास परिपत्रकांना देऊ नका. एका शाळेत, खऱ्या मुलांसमोर, एक पद्धत करून दाखवा, बाकीच्यांना पाहू द्या आणि महिन्याने त्या मुलांचे वाचन पुन्हा ऐका. मान्यता नसलेल्या शाळांतल्या शिक्षिकांनाही मागच्या बाकावर बसू द्या.

आणि ज्यांनी एम.एड. किंवा पीएच.डी.साठी मुलांच्या शिकण्यावर काम केले आहे त्यांना: आपला प्रबंध कपाटातून काढा आणि त्याची दोन पाने करा, युनिकोड मराठीत. त्यात जे लागू पडले ते लिहाच, पण जे फसले तेही लिहा. ती पाने घेऊन जवळच्या पालिका किंवा जिल्हा परिषद शाळेत जा आणि तिथल्या बाईंना विचारा की यातले त्यांच्या वर्गात काय चालेल. त्या जे सांगतील ते तिसऱ्या पानावर लिहून घ्या.